सिग्नेचर पॅड बिघडलंय, की त्याची वाट अडलीय?

प्रश्न सोलापुरातल्याच एका पतसंस्थेत काउंटरवर बसणाऱ्या ताईंचा आहे. थोडक्यात असा: सभासदांच्या नमुना सह्या घ्यायला संस्थेकडे यूएसबीवर चालणारं सिग्नेचर पॅड आहे. गेल्या महिन्यात विंडोज 10 चा जुना कॉम्प्युटर काढून विंडोज 11 चा नवा बसवला. तेव्हापासून पॅड कधी सापडतं, कधी 'डिव्हाइस नॉट फाउंड' असा मेसेज येतो. सापडलंच तर दुपारनंतर रेघ थरथरते. शिवाय काही सभासदांची सही अर्धीच उमटते. विक्रेता म्हणतो, पॅड गेलं, नवीन घ्या. ताईंनी तेच पॅड घरच्या लॅपटॉपला लावलं, कंपनीचा नमुना प्रोग्राम टाकला, तर सही सरळ आणि पूर्ण आली. आता काय करायचं?

ताई, पॅड घरी नेऊन बघितलंत, तिथेच निम्मं काम झालं. घरी नीट चालणारं पॅड मेलेलं नसतं. तेव्हा नव्या पॅडची ऑर्डर तूर्त थांबवा. मी गेली 22 वर्षं सोलापुरात बँका, पतसंस्था, दवाखाने यांच्या काउंटरवरची यंत्रं दुरुस्त करतोय, आणि माझ्याकडे 'गेलं' म्हणून आलेल्या पॅडांपैकी बरीचशी पुन्हा त्याच काउंटरवर जाऊन बसली आहेत.

तुम्ही एक प्रश्न विचारलाय, पण त्यात तीन वेगळी दुखणी आहेत. पॅड न सापडणं हे एक, रेघ थरथरणं हे दुसरं आणि सही अर्धी येणं हे तिसरं. तिन्ही एकाच महिन्यात सुरू झाली म्हणून एकाच कारणाची वाटतात. तिघांवर एकच औषध शोधायला गेलं की शेवटी नवीन पॅडच घ्यावं लागतं, आणि त्या नव्या पॅडवरही सही अर्धीच येते. म्हणून एकेक करून घेऊ.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. पॅडचं मॉडेल कोणतं, संस्थेचं सॉफ्टवेअर त्याच कॉम्प्युटरवर आहे की ब्राउझरमधून उघडतं, की मुख्य शाखेच्या सर्व्हरवर रिमोटने जाऊन काम करता, यावर पुढची वाट बदलते. पण सुरुवात सगळ्यांची सारखीच.

घरी जो नमुना प्रोग्राम चालवलात, तोच उद्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर टाका. तो उघडण्याआधी संस्थेचं सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा, कारण बहुतेक पॅडं एका वेळी एकाच प्रोग्रामशी बोलतात. एकाने धरून ठेवलं असेल तर दुसऱ्याला ते 'नॉट फाउंड'च दिसतं. हे माहीत नसल्यामुळे चांगल्या पॅडवर 'खराब'चा शिक्का बसलेला मी पाहिलाय. सकाळी कुणीतरी नमुना प्रोग्राम उघडला, खाली मिनिमाइज करून ठेवला आणि दिवसभर सगळे पॅडला नावं ठेवत बसले.

नमुना प्रोग्राममध्ये सही आली, तर पॅड, केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर (पॅड आणि विंडोज यांची गाठ घालून देणारा प्रोग्राम) चौघेही निर्दोष. दोष पॅड आणि संस्थेचं सॉफ्टवेअर यांच्यामधल्या वाटेत आहे, आणि तिथे सॉफ्टवेअरवाल्यालाच बोलवायचं. तिथेही आली नाही, तर सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून उपयोग नाही, खाली वाकून केबल बघायची. मी कुठेही गेलो की पहिली 10 मिनिटं याच चाचणीला देतो.

आता न सापडण्याचं बघू. पॅड कॉम्प्युटरला आपली ओळख दोन प्रकारे करून देतं. एक प्रकार एचआयडी, म्हणजे माउस-कीबोर्डच्या जातीचं. त्याला विंडोजमधलाच ड्रायव्हर पुरतो. दुसरा प्रकार यूएसबीतून सिरीअल पोर्टचं सोंग घेणारा. त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो आणि कॉम 3, कॉम 5 असा नंबर मिळतो. मागच्या लेबलवर मॉडेल नंबर बघा. टोपाझचं पॅड असेल तर नंबराच्या शेवटी एचएसबी म्हणजे पहिला प्रकार, बीएसबी म्हणजे दुसरा. लेबल पुसलं असेल तर डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली जोडलेल्या यंत्रांची यादी, उघडा आणि पॅडची केबल काढून पुन्हा लावा. 'ह्यूमन इंटरफेस डिव्हाइसेस'मध्ये नवीन ओळ आली तर एचआयडी, 'पोर्ट्स'मध्ये आली तर सिरीअल. पिवळं चिन्ह आलं तर ड्रायव्हर बसलेला नाही, तो कंपनीच्या साइटवरून विंडोज 11 चाच घ्या. जुन्या सीडीतला नको.

सिरीअल प्रकारात एक खोड आहे. पॅड एका सॉकेटमधून काढून दुसऱ्यात लावलं की विंडोज पुष्कळदा त्याला नवीन नंबर देतं. तुमच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये कॉम 3 लिहिलेलं असतं आणि पॅड जाऊन बसलेलं असतं कॉम 7 वर. झाडलोट करणाऱ्या मावशींनी संध्याकाळी केबल काढून दुसऱ्या भोकात लावली, एवढंही पुरतं. 'कधी सापडतं, कधी नाही' याचं हे अगदी नेहमीचं कारण. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या प्रॉपर्टीज, मग पोर्ट सेटिंग्ज, मग अॅडव्हान्स्ड, तिथे जुना नंबर परत देता येतो. त्यानंतर त्या सॉकेटवर पेंटने ठिपका द्या आणि पॅड कायम तिथेच लावायचं असं ठरवून टाका.

मॉडेल चुकलेलं नाही ना, हेही बघा. नव्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकताना यादीतून पॅडचं मॉडेल निवडावं लागतं. घाईत वरचं किंवा खालचं निवडलं गेलं तर पॅड सापडतच नाही, किंवा सापडूनही सही कोपऱ्यात चेपून येते.

तुमच्या बाबतीत माझा दुसरा संशय हबवर, म्हणजे एका यूएसबी पोर्टची अनेक पोर्टं करणाऱ्या डबीवर आहे. काउंटरवर पासबुक प्रिंटर, थंब मशीन, माउस, पॅड अशी गर्दी असते आणि एक स्वस्तातला हब लावून सगळं त्यात खोचलेलं असतं. यूएसबी 2.0 चं एक पोर्ट जास्तीत जास्त 500 मिलीअँपिअर देतं, आणि ज्या हबला स्वतःचा अॅडॉप्टर नाही तो तेवढ्यातच सगळ्यांना वाटून देतो. थंब मशीनचा दिवा पेटला की पॅड गळून पडतं. केबलचंही तसंच. 5 मीटर ही यूएसबी 2.0 ची मर्यादा. कॉम्प्युटरचं कॅबिनेट टेबलाखाली, पॅड काचेच्या पलीकडे सभासदाच्या बाजूला, मध्ये एक एक्स्टेन्शन, त्याला आणखी एक, अशी रचना असेल तर 5 मीटर कधी ओलांडले ते कळत नाही. पॅड कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला थेट लावून एक दिवस चालवून बघा. लांब न्यायचंच असेल तर आत चिप असलेली अॅक्टिव्ह एक्स्टेन्शन केबल घ्या.

जेवणाच्या सुट्टीनंतरच पॅड सापडत नाही असं होत असेल तर ती विंडोजची वीजबचत आहे. पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंटमधली टिक काढा. दोन मिनिटांचं काम आहे.

ब्राउझरमधून काम करत असाल तर वेगळं. जुनी पॅडं इंटरनेट एक्स्प्लोररमधल्या अॅक्टिव्हएक्सवर, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामवर, चालायची. क्रोमने जुन्या पद्धतीचे प्लगइन सप्टेंबर 2015 मध्ये कायमचे बंद केले, आणि 15 जून 2022 ला इंटरनेट एक्स्प्लोररच निवृत्त झाला. आता पॅडची एक सर्व्हिस कॉम्प्युटरच्या पोटात चालू असते आणि ब्राउझर तिच्याशी बोलतो. ती सर्व्हिस नव्या कॉम्प्युटरवर टाकायची राहिली, अँटिव्हायरसने थांबवली किंवा तिच्या सर्टिफिकेटची मुदत संपली, की नमुना प्रोग्राम उत्तम चालतो आणि ब्राउझरमध्ये मात्र शुकशुकाट. सॉफ्टवेअर फारच जुनं असेल तर एज ब्राउझरमधल्या आयई (इंटरनेट एक्स्प्लोरर) मोडवर तूर्त भागतं. रिमोटने सर्व्हरवर जात असाल तर पॅड तुमच्या टेबलावर आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या गावात, म्हणून रिमोट कनेक्शनच्या सेटिंगमध्ये ते यंत्र पुढे पाठवण्याची परवानगी द्यावी लागते. नव्या कॉम्प्युटरवर ते नवं कनेक्शन करताना हीच टिक राहून जाते.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला, तेव्हापासून नवा कॉम्प्युटर आणि जुनं पॅड अशी जोडी जमवण्याचे फोन मला वाढलेत. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्ये येतं. 32 बिटचे जुने प्रोग्राम त्यावर चालतात, पण 32 बिटच्या सॉफ्टवेअरला पॅडची फाइलही 32 बिटचीच लागते. हे तुम्ही स्वतः करू नका, सॉफ्टवेअरवाल्याला फक्त एवढं विचारा, 'तुमचं सॉफ्टवेअर 32 चं की 64 चं, आणि पॅडचं इन्स्टॉलर त्याच जातीचं टाकलंय का?' या एका प्रश्नावर समोरचा माणूस सावध होतो आणि नीट बघतो.

आता थरथरणारी रेघ. तुमच्या वाक्यातला 'दुपारनंतर' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. पॅड सकाळी तरुण आणि दुपारी म्हातारं होत नाही. मग दुपारी आजूबाजूला काय बदलतं? कूलर चालू होतो. कॅश जुळवायला नोटा मोजायचं मशीन पॅडशेजारी येतं. लाइट जाते आणि इन्व्हर्टर चालू होतो. पॅड कोणत्या तत्त्वावर चालतं हेही इथे कळायला हवं. त्यावर नखाने रेघ ओढून बघा. उमटली तर ते दाबावर चालणारं आहे, आत दोन पातळ थर असतात आणि दाबलं की एकमेकांना टेकतात. नखाने काहीच आलं नाही आणि फक्त त्याच्याच पेनने उमटतं, तर ते विद्युतचुंबकीय आहे. वॅकॉमची एसटीयू मालिका या जातीची. पॅडखालच्या जाळीतून क्षेत्र सुटतं, पेनमधलं वेटोळं त्याला प्रतिसाद देतं, म्हणून पेनला सेल लागत नाही. या जातीला शेजारची मोटर, खराब अॅडॉप्टर आणि खालचं लोखंडी टेबल सहन होत नाही. पॅड लाकडी फळीवर ठेवा, नोटांचं मशीन हातभर लांब न्या, एवढ्यानेही रेघ सरळ झालेली मी पाहिली आहे.

खरी कसोटी अशी करा. घरचा लॅपटॉप दुपारी संस्थेत आणा, पूर्ण चार्ज करून. चार्जर न लावता, फक्त बॅटरीवर, त्याच काउंटरवर पॅड चालवा. रेघ सरळ आली तर चार्जर लावा आणि पुन्हा ओढा. चार्जर लावताच थरथर आली, तर तुमचा दोष बहुधा भिंतीत आहे, पॅडमध्ये नाही. बॅटरीवरही थरथर राहिली तर शेजारच्या यंत्रांना एकेक करून बंद करत जा.

भिंतीतला दोष म्हणजे बहुतेक वेळा अर्थिंग. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन भेगा पडेपर्यंत वाळते, आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थ नावापुरतीच उरते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर दुसरा पुरावा नको. ते नुसतं सहीचं प्रकरण नाही, तुमच्या जिवाचं आहे, त्याच दिवशी वायरमन बोलवा. मी मल्टिमीटरने तीन मोजमापं घेतो: फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये 2-3 व्होल्टच्या आत. शेवटचा आकडा वाढलेला असेल तर खड्ड्यात पाणी घालायला सांगतो आणि पुन्हा मोजतो. हे तुम्ही करू नका, वायरमनकडून करून घ्या, पण आकडे लिहून घ्या.

पॅड दाबावर चालणारं असेल तर आणखी एक गोष्ट आपल्या गावाची. पूर्व भागात किंवा एमआयडीसीकडे यंत्रमागांच्या जवळ ऑफिस असेल तर हवेत कापसाचा तूस असतो. तो चौकटीच्या कडेला साचतो, त्यात धूळ बसते आणि ती गाठ पडद्याला सतत दाबत राहते. मग कुणी हात न लावता रेघा उमटतात. केबल काढून मऊ ब्रशने कडा साफ करा. स्पिरिट, थिनर लावू नका, पडदा पांढुरका पडतो.

आता तिसरं दुखणं, अर्धी सही. याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण यात त्रास यंत्राला होत नाही, माणसाला होतो.

काही वर्षांपूर्वी पूर्व भागातल्या एका संस्थेत हीच तक्रार होती. मी केबल, पोर्ट, ड्रायव्हर सगळं तपासलं, माझी सही दहा वेळा केली, दहाही वेळा पूर्ण आली. निघायच्या बेतात होतो तेवढ्यात साठीच्या पुढच्या एक अम्मा खातं उघडायला आल्या. विड्या वळणाऱ्या, सही तेलुगूत. पेन घट्ट धरून त्यांनी एक अक्षर काढलं, पेन उचललं, पॅडकडे बघितलं. मग डोक्यावरची ती बारकी खूण, तेलुगूत तलकट्टु म्हणतात, ती दिली. पेन पुन्हा वर. पुढचं अक्षर मनात आठवलं. आणि त्या आठवण्याच्या वेळात पडद्यावरची चौकट आपोआप बंद झाली. क्लार्क म्हणाला, 'अम्मा, परत करा.' दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा अम्मांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, 'अंगठाच घे बाबा.'

त्यांचा अंगठा तर थंब मशीनने आधीच दोनदा नाकारला होता. वर्षानुवर्षं तेंदूपान आणि तंबाखू हाताळून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. सही करायला त्या वयाच्या पन्नाशीनंतर शिकल्या होत्या, हे सोबत आलेल्या नातीने सांगितलं. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बघितलं तर पेन उचलल्यावर 2 सेकंदांनी सही संपली असं धरायचं, असं लिहिलेलं. मी ते 8 केलं. अम्मांनी चौथ्यांदा सही केली, पूर्ण आली, आणि नातीला जवळ बोलावून त्यांनी ती पडद्यावर बोट ठेवून दाखवली.

माझी सही दहा वेळा पूर्ण का आली? कारण मी पेन न उचलता एका झटक्यात सही करतो. चाचणी घेणारा माणूस सही सराईतपणे करतो, आणि ज्याला अडचण येते तो हळू करतो. मराठीतही तेच. बरेच ज्येष्ठ लोक आधी सगळी अक्षरं लिहितात, पेन उचलतात आणि शेवटी वरची रेघ ओढतात. ती रेघ येण्याआधीच सॉफ्टवेअर दार लावून घेतं. तेव्हापासून कुठेही पॅड तपासताना मी माझं पूर्ण नाव शाळेतल्या अक्षरात, प्रत्येक अक्षरानंतर थांबून लिहितो.

तुमच्याकडे नेमकं हेच आहे का, ते ओळखायला अर्ध्या आलेल्या चार-पाच सह्या शेजारी शेजारी उघडून बघा. प्रत्येक सही वेगळ्या ठिकाणी तुटली असेल, आणि तुटल्या जागी अक्षर संपत असेल, तर हा वेळेचा प्रश्न. सेटिंगमध्ये सेकंद वाढवा. त्याहून चांगलं म्हणजे आपोआप बंद होणंच काढा आणि 'ठीक' हे बटण सभासदाला किंवा तुम्हाला दाबू द्या. सेटिंग सापडत नसेल तर सॉफ्टवेअरवाल्याला मागा, त्यांना ते करता येतं. पण सगळ्या सह्या एकाच बाजूने, सरळ कापल्यासारख्या तुटल्या असतील, तर कारण नवा मॉनिटर आहे. नव्या कॉम्प्युटरवर विंडोज अक्षरं मोठी दाखवायला स्केल 125 किंवा 150 टक्के ठेवतं आणि जुन्या सॉफ्टवेअरची सहीची चौकट त्यात अर्धी बाहेर जाते. डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल 100 करून एक सही घ्या. पूर्ण आली तर कारण सापडलं. नंतर स्केल परत वाढवायचं असेल तर त्या सॉफ्टवेअरच्या आयकॉनच्या प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे हाय डीपीआयची सेटिंग बदलून घेता येते.

या सह्या तपासायला मला फोटो पाठवू नका, इतर कुणालाही व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. नमुना सही म्हणजे त्या माणसाच्या खात्याची किल्ली. चाचणीसाठी स्वतःचीही खरी सही करू नका, नुसतं नाव लिहा, आणि झाल्यावर पुसून टाका.

एक गोंधळ जाता जाता दूर करतो, कारण विक्रेत्याने तुम्हाला 'डिजिटल सिग्नेचरचा ड्रायव्हर टाका' असंही सुचवलंय असं तुम्ही लिहिलंय. आपल्याकडे डिजिटल सिग्नेचर म्हणतात ती पेनड्राइव्हसारखी टोकन असते, तिच्यात सर्टिफिकेट असतं आणि तिला माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 खाली मान्यता आहे. पॅडवर उमटते ती हाताने केलेली सही, तिचं चित्र आणि पेनच्या हालचालीची नोंद. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. टोकनचा ड्रायव्हर टाकून पॅड चालणार नाही.

पॅड खरंच गेलं असं मी कधी म्हणतो? दुसऱ्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्या केबलने, नमुना प्रोग्राममध्येही रेघ एकाच पट्ट्यात तुटते तेव्हा. दाबावर चालणाऱ्या पॅडमध्ये सही करायची जागा वर्षानुवर्षांच्या घासण्याने झिजते, तिथे मग काही करता येत नाही. पेन वायरने जोडलेलं असेल तर आधी पेनच्या मुळाशी वायर हलवून बघा, बऱ्याचदा ती तिथेच तुटलेली असते आणि फक्त पेन बदलून भागतं. तुमच्या पॅडला यातलं काही दिसत नाही.

तरी पुढेमागे नवीन घ्यायची वेळ आलीच, तर एचआयडी प्रकारचं घ्या, जादा पेन आणि निब सुटे मिळतात का ते विचारा, आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याला पॅड घेऊन तुमच्या काउंटरवर यायला सांगा. दुकानातल्या टेबलावर नाही, तुमच्या सॉफ्टवेअरवर, दुपारी तीन वाजता, कूलर चालू असताना. आणि सही करायला तुमच्या सभासदांपैकी सगळ्यात हळू सही करणाऱ्यांना बोलवा.

उद्या काउंटर उघडण्याआधी अर्धा तास या. हब काढा, पॅड मागच्या पोर्टला लावा, नमुना प्रोग्राम चालवा. दुपारी लॅपटॉपची बॅटरीवरची चाचणी करा. मग मला तीन गोष्टी कळवा: लेबलवरचा मॉडेल नंबर, नमुना प्रोग्राममध्ये काय दिसलं, आणि अर्ध्या सह्या एकाच बाजूने तुटल्यात की वेगवेगळ्या जागी. पुढचं त्यावरून सांगतो.